भीक नको, पण कुत्रे आवरा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

ह्या अभ्यासवर्गात माझ्या आधीच्या वक्त्यांनी बेकारी, शेतमालाचे भाव, नव्या कामगार संहिता अशा मोठ्या विषयांची मांडणी केली. त्यांच्या पाठोपाठ मी पाळीव कुत्र्यांविषयी बोलणार आहे, असे कळवले तेव्हा संयोजकांनी मला दोनदा दूरध्वनी करून विषयाची खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. विषय क्षुल्लक वाटावा असाच आहे. तथापि अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. कोणाची हौस चालली आहे असे दिसले की, तिची पावती कोणाच्या नावाने फाटते आहे, हे तो पाहू लागतो. आजचे माझे बोलणे त्या खोडीतून आले आहे, आणि थोडेसे अपराधी भावनेतूनही आले आहे. ते का, हे पुढे सांगतो.

प्रथम विषयाची मर्यादा आखून घेऊ. ज्यांना कोणी मालक नाही अशा भटक्या कुत्र्यांवर गेली दोन-तीन वर्षे पुष्कळ चर्चा झाली आहे. मी बोलणार आहे ते ज्यांना मालक आहे अशा कुत्र्यांविषयी, म्हणजे वस्तुतः त्या मालकांविषयी. कुत्र्याला नाव असते, गळ्यात पट्टा असतो, घरात त्याचा फोटोही असतो. पण सकाळ-संध्याकाळ फाटक उघडून त्याला मोकळे सोडले जाते आणि पुढचे दोन तास तो साऱ्या गल्लीचा होतो.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत असे एक कुटुंब आहे. कुटुंब सुविद्य आहे, पुरोगामी आहे, आपल्या साप्ताहिकाचे वर्गणीदारही आहे. त्यांचा कुत्रा दांडगा. रोज सकाळी सहा ते आठ तो आवारात मोकळा असे. कोणी दचकले तर वरून गॅलरीतून आवाज येई, "घाबरू नका, तो काही करत नाही." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याने 'काही केले'. आमच्याकडे व आणखी दोन घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या पोटरीचा त्याने चावा घेतला. मालक खाली आले, हळहळले आणि पाचशेची नोट पुढे करून म्हणाले, इंजेक्शन घेऊन या. बाईंनी नोट घेतली नाही. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "काका, पैसे नकोत मला. तेवढं कुत्रं बांधायला सांगा."

त्यानंतर त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात चार खेपा घालाव्या लागल्या. लस फुकट होती. बसभाडे फुकट नव्हते, रांगेतला वेळ फुकट नव्हता. एका घराने खाडे कापले. दुसऱ्या घराने त्या चार दिवसांत दुसरी बाई लावली. कुत्र्याच्या मालकाचा मात्र एकही दिवस बुडाला नाही.

'भीक नको, पण कुत्रे आवर' ही म्हण आपण हसत-हसत वापरतो. नको असलेल्या उपकाराविषयी बोलताना ती हटकून तोंडी येते. पण ही म्हण प्रथम कोणाच्या तोंडी आली असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. ती दारात उभ्या असलेल्या दरिद्री माणसाची आहे. तो काही मागायला आला होता. कुत्रे पाहून त्याने मागणे सोडले आणि केवळ सुखरूप परत जाण्याची मुभा मागितली. दान देणारा आणि कुत्रे सोडणारा यांचे घर एकच आहे, हे आपल्या लोकभाषेने किती नेमके टिपून ठेवले आहे!

आता ह्याच घटनेकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहू. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात आगगाडीच्या इंजिनाचे उदाहरण येते. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी लोहमार्गाकडेची झाडी जळते. पण जळालेल्या झाडीचा खर्च रेल्वे कंपनीच्या हिशेबवहीत चढत नाही. कंपनीचा खाजगी खर्च कमी दिसतो, समाजाला सोसावा लागणारा खर्च अधिक असतो, आणि ह्या दोहोंमधील अंतर तिसराच कोणी भरतो. मोकाट सोडलेला पाळीव कुत्रा ही अशीच ठिणगी आहे. त्याचा सहवास, त्याची राखण, त्याच्यामुळे मिळणारी प्रतिष्ठा हे सारे मालकाचे. त्याची विष्ठा झाडणे, त्याच्या धास्तीने मुलाला शाळेच्या वाटेवर पोहोचवायला जाणे, त्याने चावा घेतल्यावर खाडा सोसणे, हे दुसऱ्यांचे. 'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. मोल असते, ते फक्त हौशी माणसाला द्यावे लागत नाही.

हे मोल केवढे आहे? संसदेत सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली देशात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. २०२२ साली हा आकडा २२ लाखांच्या आत होता. हे आकडे पाळीव आणि भटक्या अशा सर्व कुत्र्यांचे आहेत. चावलेल्या प्रत्येकाने रुग्णालयाच्या केवळ चार खेपा घातल्या असे धरले, तरी एका वर्षात दीड कोटीच्या आसपास खेपा होतात. रोजावर पोट असणाऱ्याच्या दृष्टीने यातली बहुतेक प्रत्येक खेप हा बुडालेला रोज आहे. आणि ही नोंद झालेल्यांची गोष्ट. २०२२-२३ मध्ये घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवर आधारित जो अंदाज भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केला, त्यानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात, आणि रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि लशीचा पूर्ण क्रम वेळेवर घेतला, तर तो जवळजवळ हमखास टळतो. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ साली. त्यानंतर एवढ्या काळाने माणसे ह्या रोगाने मरतात, ह्याला विज्ञानाची उणीव म्हणता येणार नाही. लशीचा शेवटचा डोस राहून जातो तो बहुधा कामावरची सुटी मिळत नाही म्हणून.

कोणी म्हणेल की हा सारा भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहे. पाळीव कुत्र्यांचा त्यात वाटा किती? ह्या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या भाषेतच दडलेले आहे. केंद्र सरकारने २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. त्यांत प्राण्यांचे दोन वर्ग आहेत. पाळीव प्राण्याची लस व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी; रस्त्यावरच्या प्राण्यांची स्थानिक संस्थेची. आणि रस्त्यावरच्या प्राण्यांच्या व्याख्येत, मालकांनी टाकून दिलेली उंची जातीची कुत्रीही धरलेली आहेत. म्हणजे काल ज्याचा भार मालकावर होता तो कुत्रा आज त्याने गावाबाहेर नेऊन सोडला की, त्याचा भार आपोआप नगरपालिकेवर, अर्थात तुमच्या-माझ्यावर येतो. निर्बीजीकरण न केलेली मोकळी कुत्री रस्त्यावर जी पिल्ले वाढवते, तीही ह्याच खात्यावर जमा होतात. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, ही भांडवलदारांची रीत आपण कारखान्यांच्या बाबतीत ओळखतो. तीच रीत कुत्र्याच्या साखळीच्या टोकाशीही आहे.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस टोचून व निर्बीजीकरण करून मूळ जागी सोडावीत असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून ती हटवण्याचा आदेश आला. देशभर दोन तट पडले: एक श्वानप्रेमींचा, दुसरा श्वानद्वेष्ट्यांचा. ह्या गदारोळात मालक नावाचा इसम गुपचूप मागच्या दाराने निघून गेला.

गांधीजींनी मात्र त्याला बरोबर पकडले होते. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातील साठ कुत्री मारवली आणि तो गांधीजींकडे आला. गांधीजींनी त्याची बाजू घेतली म्हणून अहिंसावादी मंडळी खवळली. 'यंग इंडिया'मध्ये त्यांनी ह्यावर लेखमाला लिहिली. मारण्याविषयीचे त्यांचे मत मी येथे पुरस्कारण्यासाठी सांगत नाही. लसीकरण आणि निर्बीजीकरणाचे साधन त्या काळी नव्हते. परंतु त्यांच्या विवेचनाचा गाभा आजही टिकतो. बेवारशी कुत्रा हा समाजाच्या दयेचा पुरावा नसून तिच्या अभावाचा पुरावा आहे, असे ते मांडत होते. ज्याला कुत्र्याची खरोखर कणव आहे त्याने तो पाळावा, त्याची पुरी जबाबदारी घ्यावी; उष्टा तुकडा फेकून पुण्य पदरात पाडून घेऊ नये. स्वस्तातल्या पुण्याविषयी आपल्या भाषेत 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' असे म्हणतात.

दयेविषयी बोलायचे तर नामदेवांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पण तूप त्यांच्या घरचे होते, आणि धावण्याचे कष्टही त्यांचेच होते. आजच्या भूतदयेत तूप मालकाच्या कुत्र्याला मिळते आणि धावावे लागते ते पेपर टाकणाऱ्या मुलाला.

ह्यावर कायदा नाही, असे समजू नका. कायदे इतके आहेत की, त्यांचीच एक गंमत आहे. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा घ्या. खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला कोंडवाडा माहीत आहे. गरीब शेतकऱ्याचे वासरू दुसऱ्याच्या पिकात शिरले की, ते कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून सोडवून आणावे लागते. त्या कायद्यातील गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, गाढव, डुक्कर, शेळी, करडू, सारे आहेत, कुत्रा नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराच्या मालकाला दीडशे वर्षांपूर्वी जबाबदार धरले गेले; माणसाच्या पोटरीची किंमत त्या हिशेबात आली नाही.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपासमार होईल अशा रीतीने प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम टोचत असे. साठ वर्षे उलटली तरी कायद्याच्या पुस्तकात तोच आकडा राहिला. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. तो आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. क्रूर कुत्रा मुसक्याविना रस्त्यावर मोकळा राहू देण्यास त्यात मनाई आहे. प्राण्याच्या बाबतीत हयगय करणाऱ्याला जुन्या दंडसंहितेच्या कलम २८९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये दंड पाच हजारांवर गेला. पण न्याय मिळतो केव्हा? मुंबईत २०१० साली एका वृद्धाला चावलेल्या कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ साली. फिर्यादी सुस्थितीतला होता म्हणून तेरा वर्षे टिकला. आमच्या बाई तेरा दिवसही टिकल्या नसत्या.

माझ्या काही व्यवसायबंधूंना कायद्यापेक्षा बाजारावर अधिक भरवसा असतो. ते रोनाल्ड कोस यांच्या १९६० च्या निबंधाकडे बोट दाखवतील. योगायोग असा की, त्या निबंधातही मोकाट गुरे आणि शेजारच्या शेतकऱ्याचे पीक हेच उदाहरण आहे. वाटाघाटींना काही खर्च येत नसेल, तर दोघे आपापसात तडजोड करून योग्य तोडग्यावर येतील, असा त्यातला एक मुद्दा. वाटाघाटींना खर्च येतो, हे कोस स्वतः जाणून होते. त्यांच्या शिष्यांना मात्र त्याचा विसर पडतो. तीन घरची धुणेभांडी करणारी बाई आणि चौथ्या मजल्यावरचा सदनिकाधारक यांच्यात वाटाघाट होते ती कशी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती पाचशेच्या नोटेने सुरू होते आणि दुसरी बाई ठेवण्याने संपते.

कुत्र्याला माणसांतील वर्गभेद कळत नाही. तरीही त्याचे दात ठराविक वर्गावरच अधिक उमटतात. कारण सरळ आहे. पहाटे रस्त्यावर असतात ते सफाई कामगार, दूधवाले, पेपरवाली मुले. दुसऱ्याच्या फाटकातून आत शिरावे लागते ते पोस्टमनला, सिलिंडर आणणाऱ्याला, घरकामगार बाईला, आणि आता घरपोच जिन्नस देणाऱ्या तरुणाला. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत असा एक तरुण ग्राहकाच्या दारी गेला. घरातला अल्सेशियन अंगावर धावून आला म्हणून तो जिवाच्या भीतीने पळाला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडून दगावला. तो तेवीस वर्षांचा होता. मालकाच्या दारात उभे राहणे हीच ज्यांची नोकरी आहे, त्यांच्या दृष्टीने कुत्रा आवरणे हा कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कारखान्यातल्या उघड्या पट्ट्याभोवती जाळी बसवा, अशी मागणी आपण करतो. ही मागणी तिच्याहून वेगळी नाही.

येथे दोन धोक्यांविषयी सावध राहिले पाहिजे. पहिला धोका म्हणजे राग कुत्र्यावर काढणे. १८३२ साली मुंबईत सरकारने बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. इनामाच्या लोभाने शिपाई घरांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज बिथरला, दंगल झाली. अलीकडे, मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. एकदा जातीवर ठपका ठेवला की, साखळी सोडणारा हात सुटतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार. कुत्रा हाही येथे बळीच आहे. मोटारीखाली येतो तो तोच, खरजेने सडतो तो तोच.

दुसरा धोका म्हणजे गरिबाचा कुत्रा आणि बंगल्यातला कुत्रा यांना एकाच मापाने मोजणे. खेड्यात खळ्याची राखण करणारा, धनगराच्या मेंढरांबरोबर चालणारा कुत्रा कामकरी आहे. त्याला मालक असतो, साखळी नसते. त्याच्या मोकळेपणाचीही किंमत आहेच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर झालेल्या अभ्यासात, कुत्र्यांच्या वावरामुळे खोकडे अन्नापासून दूर राहतात असे दिसून आले. पण ह्या मालकाला दंडाची पावती देणे हा अन्याय होईल. त्याच्या दारी लस आणि निर्बीजीकरण विनामूल्य पोहोचले पाहिजे. जबाबदारी ऐपतीप्रमाणे, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

हे होऊ शकते का? आपल्या शेजारी गोव्यात २०१३ पासून शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालवली. पथके दारोदार गेली. पाळीव कुत्री मालकांकडून धरून घेऊन आणि मोकळी कुत्री जाळ्यांनी पकडून, दरवर्षी लाखाच्या घरात लसी टोचल्या. राज्यातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी हे लक्ष्य ठेवले. शाळाशाळांतून मुलांना शिकवले. काही वर्षांतच माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू शून्यावर आले आणि कुत्र्यांतील रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. ह्यासाठी कुत्र्यांची सरसकट हत्या करावी लागली नाही. सार्वजनिक यंत्रणा मनावर घेते तेव्हा काय होते, याचा हा पुरावा आपण खाजगीकरणवाद्यांना जरूर दाखवावा.

राहिला पैशाचा प्रश्न. जर्मनीत कुत्र्यांवर कर आहे. प्रशियात तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चैनीवरील कर म्हणून आला. आज तो नगरपालिकांच्या तिजोरीत जातो, आणि अनेक शहरांत दुसऱ्या कुत्र्याला पहिल्याहून अधिक कर पडतो. ब्रिटनमध्ये परवान्याची फी वाढवायला कोणी धजले नाही. अखेर ती अवघ्या ३७ पेन्सांवर राहिली, आणि १९८० च्या दशकात परवानाच रद्द झाला. आपल्याकडे काय? १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यात महापालिकेला जे कर बसवण्याची मुभा आहे, त्यांत कुत्र्यांवरील कराचा स्पष्ट उल्लेख आहे. नवा कायदा मागायचे कारण नाही. पुस्तकावरची धूळ झटकायची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी चार गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी आणि बिल्ला. त्यावर ऐपतीप्रमाणे कर. झोपडपट्टीत आणि खेड्यात तो माफ, दुसऱ्या व तिसऱ्या कुत्र्याला चढता, आणि निर्बीजीकरण केलेल्याला सवलत. हे सारे उत्पन्न त्याच प्रभागातील लसीकरणासाठी राखून ठेवावे.

दुसरी, रुग्णालयातील चाव्याच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: कुत्र्याला मालक होता काय? एवढ्या एका रकान्याने मागच्या दाराने निसटणारा मालक पुढे येईल. ही मागणी घेऊन नगरसेवकाकडे जायला मोर्चाचीही गरज नाही.

तिसरी, मालक असलेला कुत्रा चावला तर औषधोपचाराबरोबर बुडालेला रोज भरून देण्याची जबाबदारी मालकाची. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली मोकाट जनावरांबाबत दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. पण ती प्रामुख्याने राज्याने द्यायची आहे. मालक ज्ञात असताना हा बोजा सरकारी तिजोरीने का उचलावा? महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. त्या मंडळापुढे हा प्रश्न आपल्या संघटनांनी न्यावा. घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांच्या मागण्यांतही तो असावा.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्या घरातली आहे, आणि येथे मी माझ्या अपराधाकडे येतो.

बाईंना कुत्रा चावला त्यानंतर संस्थेची सभा भरली. अध्यक्षस्थानी मी होतो. दीड तास चर्चा झाली. मालक स्नेही होते. त्यांना दुखवणे कोणालाच नको होते. शेवटी सर्वानुमते तोडगा निघाला: सकाळी सहा ते आठ ह्या वेळात कामवाल्या बायकांनी पुढच्या फाटकाऐवजी कचराकुंडीजवळच्या मागच्या फाटकातून यावे. कुणाचेही मन न मोडता प्रश्न सुटला, याचे मला समाधान वाटले. इतिवृत्तावर मी सही केली.

पुढे मार्च महिन्यात मला नेहमीप्रमाणे चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर बोलायला बोलावले होते. गेली अनेक वर्षे मी ते भाषण करत आलो आहे. २० मार्च १९२७. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता त्या तळ्यावर माणसांना होता, ही गोष्ट मी तरुणांपुढे तळमळीने सांगतो. त्या दिवशी ते वाक्य उच्चारताना मला आमचे मागचे फाटक दिसले. आवारात कुत्रा मोकळा आणि माणसाला वेगळी वाट. खाली सही माझी. ही तुलना मी मर्यादेनेच करतो. शतकानुशतकांची ती यातना आणि आमच्या आवारातले दोन तास एका तागडीत बसत नाहीत. पण सोय कोणाची पाहायची आणि वाट कोणी बदलायची, हे ठरवताना माझे मन ज्या बाजूला सहज कलले, ती बाजू मला त्या दिवशी ओळखू आली.

महाडपासून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही पाण्याला हात लावायला माणसांना चालत जावे लागले. कागदावरचा हक्क पायाखालची वाट होण्यासाठी कोणीतरी प्रथम त्या वाटेने जावे लागते.

त्या भाषणानंतरच्या रविवारी मी पुन्हा सभा बोलावली आणि माझ्याच सहीचा ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. ती दोन मतांनी संमत झाली. कुत्रा आता साखळीने फिरतो. त्याची तब्येत उत्तम आहे. मालक माझ्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत. बाई पुढच्या फाटकाने येतात. त्यांनी ह्या बदलाबद्दल माझे आभार मानले नाहीत, आणि ते मानण्याचे काही कारणही नव्हते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा असेल. त्याच्यावर प्रेम करा. एकाकी माणसाला त्याचा केवढा आधार असतो, हे ह्या वयात मलाही समजते. पण उद्या सकाळी फाटक उघडण्यापूर्वी, त्या वेळी रस्त्यावर कोण कामाला निघालेले असते, ते एकदा पाहा. त्या माणसाला आपली भीक नको आहे.